ग्राहकाच्या आधी नंबरप्लेट

नवी मोटार कारखान्यातून निघून गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहीपर्यंत तिची विक्री निदान तीन ठिकाणी मोजता येते. कंपनीने डीलरच्या नावे बिल फाडले की एकदा, नोंदणी कार्यालयात गाडी कोणाच्या तरी नावावर चढली की दुसऱ्यांदा आणि गिऱ्हाइकाने पैसे भरून चावी घेतली की तिसऱ्यांदा. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, पण बहुतेक देशांत तो एका जागी गोळाच होत नाही. ‘मोटारविक्रीत अमुक टक्के वाढ’ अशी बातमी येते ती पहिल्या किंवा दुसऱ्या मोजणीवरून. दुसरी मोजणी फुगवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे पूर्वनोंदणी. गिऱ्हाईक मिळालेले नसताना डीलर गाडी स्वतःच्या नावावर नोंदवून टाकतो. सरकारदप्तरी ती विकली जाते आणि प्रत्यक्षात शोरूममागच्या आवारातच उभी राहते.

ही रीत खोलवर मुरली आहे ती ब्रिटनमध्ये. तिथल्या मोटार व्यापाऱ्यांच्या बोलण्यात अशा गाडीला सरळ ‘प्री-रेज’ म्हणतात. महिन्याचा, त्यातही तिमाहीचा, शेवटचा दिवस हा तिचा मुहूर्त. व्यवस्थापक टार्गेटचा तक्ता समोर घेऊन बसतो, किती गाड्या कमी पडतात ते मोजतो आणि तेवढ्या गाड्यांची नोंदणी शोरूमच्याच नावावर करून घेतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क ५५ पौंड आणि वर वाहनकर, एवढाच सरकारी खर्च. पुढच्या आठवड्यात त्याच गाड्या ‘डिलिव्हरी मायलेज’ अशा शब्दांत जाहिरातीत दिसू लागतात. ओडोमीटरवर जेमतेम काही मैल, सीटवरचे प्लास्टिक तसेच, पण कागदोपत्री एक मालक होऊन गेलेला.

डीलर हा आतबट्ट्याचा वाटणारा व्यवहार का करतो, हे गणित मांडल्याशिवाय कळत नाही. एका काल्पनिक शोरूमला तिमाहीत ६० गाड्यांचे टार्गेट आहे असे धरू. टार्गेट पुरे झाले तर प्रत्येक गाडीमागे ५०० पौंड बोनस, आणि तोही पहिल्या गाडीपासून. एक गाडी जरी कमी पडली तरी शून्य. शेवटच्या दिवशी आकडा ५४ वर अडला आहे. उरलेल्या सहा गाड्या स्वतःच्या नावावर घेऊन पुढे प्रत्येकी २,५०० पौंड तोट्याने विकल्या, तर १५,००० पौंड जातात; हाती येतात ३०,०००. डीलरने या सहा गाड्या नोंदवल्या नाहीत तरच नवल. दोष त्याच्या नीतीपेक्षा बोनसच्या रचनेत आहे. टार्गेट पायरीसारखे ठेवले की पायरीच्या खाली उभा असलेला माणूस उडी मारणारच, आणि कंपनीला हे ठाऊक असते. पुष्कळदा ती त्यासाठी वेगळे अर्थसाह्यही देते.

कारण कंपनीलाही तो आकडा हवा असतो. कारखाना बंद ठेवणे महाग पडते, भागधारकांना बाजारपेठेतला हिस्सा दाखवायचा असतो आणि स्पर्धक कंपनीने महिन्याच्या यादीत आपल्याला मागे टाकलेले कोणालाच खपत नाही. अलीकडे यात कायद्याची भर पडली आहे. युरोपीय संघात कंपनीच्या ताफ्याचे कार्बन उत्सर्जन नोंदणी झालेल्या गाड्यांवरून मोजतात. ब्रिटनमध्ये २०२४ पासून विकलेल्या नव्या मोटारींपैकी ठरावीक हिस्सा विजेवरच्या गाड्यांचा असावा लागतो. पहिल्या वर्षी हा हिस्सा २२ टक्के होता. डिसेंबरअखेरीस आवारात उभी असलेली विजेवरची गाडी नोंदवून टाकली की हिशेबात भर पडते, मग ती चालवणारा एप्रिलमध्ये का मिळेना.

आकड्यांवरचा परिणाम समजायला २०१८ चा उन्हाळा पुरेसा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीला ‘डब्ल्यूएलटीपी’ ही अधिक कडक उत्सर्जन चाचणी लागू झाली. जुन्या चाचणीवर पास झालेला साठा त्यानंतर नोंदवायला मर्यादित सवलत होती. साहजिकच ऑगस्टमध्ये झुंबड उडाली. जर्मनीत त्या महिन्यात नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढली आणि सप्टेंबरमध्ये ३० टक्क्यांनी कोसळली. ब्रिटनमध्ये ऑगस्टची वाढ २३ टक्के, तर सप्टेंबरची घट २० टक्क्यांहून अधिक. ब्रिटनमधला सप्टेंबर तर हक्काच्या कमाईचा महिना. १९९९ पासून तिथे नंबरप्लेटवरची वर्षखूण १ मार्च आणि १ सप्टेंबरला बदलते, आणि नव्या खुणेची हौस असलेले गिऱ्हाईक याच दोन महिन्यांची वाट पाहते. नव्या चाचणीची प्रमाणपत्रे वेळेत न मिळाल्याने काही गाड्यांचा पुरवठाच तुटला होता, हेही त्या घसरणीचे एक कारण. तरीही ऑगस्टचा आकडा वाचून मागणी उसळली म्हणणारा आणि सप्टेंबरचा वाचून मंदी आली म्हणणारा, दोघेही चुकले असते. लोकांची गाडी घ्यायची इच्छा महिन्याभरात पन्नास टक्क्यांनी हेलकावत नाही.

पूर्वनोंदणी एकूण विक्री वाढवत नाही, ती पुढच्या महिन्यातली विक्री अलीकडे ओढते. आजचे मरण उद्यावर ढकलण्यासारखेच हे. पुढच्या महिन्यात तीच गाडी विकायची असते, पण ती आता नव्या विक्रीत मोजली जात नाही. त्यामुळे नवे टार्गेट गाठायला डीलर आणखी मागे पडलेला असतो, आणि महिनाअखेरीस पुन्हा तोच उपाय. एकदा सवय लागली की दर महिन्याच्या आकड्यात मागच्या महिन्याची उधारी मिसळलेली राहते. शिवाय जवळजवळ नव्या गाड्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात उतरल्या की तिथले भाव पडतात. वर्षभर जुनी गाडी वीस टक्के कमी भावात घेण्यापेक्षा गिऱ्हाईक पंधरा टक्के कमीत कोरी करकरीत गाडी का घेणार नाही? तीन वर्षांनी गाडीला काय भाव येईल या अंदाजावर भाडेपट्ट्याचे हप्ते ठरतात. तो अंदाज बिघडला की लीजिंग कंपन्यांना झळ बसते, म्हणजे सवलतीचा खर्च शेवटी फिरून नव्या गाडीच्या हप्त्यातच येतो.

गिऱ्हाइकाचा फायदा मात्र खरा असतो. किंमत कमी, गाडी ताबडतोब हजर. बदल्यात तीन गोष्टी सोडाव्या लागतात: रंग आणि फिटिंग निवडायची मुभा, कागदावर पहिला मालक असण्याचा मान आणि वॉरंटीचे काही महिने. वॉरंटीचे घड्याळ पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून सुरू होते, चावी कधी मिळाली याच्याशी त्याला देणेघेणे नसते. अनेक योजनांत कंपनीच डीलरला काही महिने, बहुधा ९० दिवस, गाडी स्वतःच्या नावावर ठेवायची अट घालते. तेवढी वॉरंटी उभ्या जागी संपते. जर्मनीत याच प्रकाराला ‘टागेसत्सुलासुंग’, म्हणजे एका दिवसाची नोंदणी, असे रीतसर नाव आहे. तिथे २००१ पर्यंत किरकोळ विक्रीत ३ टक्क्यांहून जास्त सूट देण्यास कायद्याने बंदी होती, आणि नोंदणी होऊन गेलेली गाडी कमी भावात विकणे ही त्यातली एक पळवाट होती. केवळ अशा एका दिवसाच्या नोंदणीने गाडीचे कारखान्यातून कोरी आल्याचे स्वरूप जात नाही, असा निर्वाळा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००५ मध्ये दिला.

अमेरिकेत विक्रीचे आकडे कंपन्या स्वतः जाहीर करतात, ते डीलरच्या कळवण्यावर आधारलेले असतात. त्यामुळे तिथे नोंदणीचाही खर्च पडत नाही, नुसता ‘विकली’ असा शेरा पुरतो. फियाट क्रायस्लरच्या अमेरिकी कंपनीवर तिथल्या रोखे आयोगाने ठेवलेला ठपका याच स्वरूपाचा होता. खोटी विक्री कळवण्यासाठी डीलरना पैसे देणे, तसेच चांगल्या महिन्यातली खरी विक्री दडवून ठेवून वाईट महिन्यात बाहेर काढणे, असे प्रकार २०१२ ते २०१६ या काळात झाल्याचे आयोगाने म्हटले. दर महिन्याला आदल्या वर्षीपेक्षा जास्त विक्री, ही कंपनीने मिरवलेली सलग वाढ प्रत्यक्षात सप्टेंबर २०१३ मध्येच तुटली होती. कंपनीने २०१९ मध्ये ४ कोटी डॉलर दंड भरला. पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यूने १ कोटी ८० लाख डॉलर भरून अशाच प्रकरणाचा निपटारा केला. तिथे डेमो गाड्या आणि सर्व्हिसिंगच्या काळात गिऱ्हाइकाला वापरायला देण्याच्या गाड्या म्हणून दाखवून विक्री फुगवल्याचा मुद्दा होता. दोन्ही कंपन्यांनी आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. दडवलेल्या विक्रीचा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे: आकडा नेहमी फुगवायचाच असतो असे नाही, गुळगुळीत दिसायला हवा असतो.

चीनमध्ये हा प्रकार २०२५ मध्ये चव्हाट्यावर आला. ग्रेट वॉल मोटर्सचे अध्यक्ष वेई च्यानच्युन यांनी मे महिन्यात जाहीर मुलाखतीत सांगितले की, ‘शून्य किलोमीटर जुन्या गाड्या’ विकणारे तीन ते चार हजार विक्रेते ऑनलाइन बाजारात आहेत. किंमतयुद्धात अडकलेल्या विजेवरच्या गाड्यांच्या कंपन्यांना साठा खपवायचा होता, आणि काही स्थानिक सरकारांना अशा गाड्या ‘वापरलेल्या’ म्हणून निर्यात करून आपली उलाढाल वाढवायची होती. नेटा या कंपनीने जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ या पंधरा महिन्यांत किमान ६४,७१९ गाड्यांची विक्री आगाऊ दाखवली, असे वृत्त रॉयटर्सने दिले. गिऱ्हाईक मिळण्याआधीच गाड्यांचा विमा उतरवायचा, अशी त्यातली युक्ती होती. तिथल्या उद्योगात विम्याची नोंद हीच विक्रीची खूण धरतात. त्या काळात कंपनीने जाहीर केलेल्या विक्रीच्या निम्म्याहून अधिक भरणारा हा आकडा आहे.

भारतात परिस्थिती उलटी आहे, कारण इथे कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरावा लागतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर खासगी व्यक्तीला ११ टक्के आजीवन कर बसत आला आहे. तीच गाडी कंपनीच्या नावावर पास करायची तर २० टक्के. आठ लाखांच्या गाडीवर हा फरक ७२ हजारांचा होतो. टार्गेट भरायला स्वतःच्या संस्थेच्या नावावर गाड्या चढवणे डीलरला परवडण्यासारखे नाही. शिवाय राज्याबाहेरचे गिऱ्हाईक आले तर एनओसी आणि तिथला कर हे वेगळे लचांड. डिसेंबरमध्ये तर गिऱ्हाईकच पासिंग जानेवारीत करा म्हणून हटून बसते, कारण पुढे गाडी विकताना आरसीवरचे वर्ष बोलते.

म्हणून भारतातली फुगवण पहिल्या टप्प्यावर होते. उत्पादकांची संघटना ‘सियाम’ दर महिन्याला जाहीर करते ते घाऊक आकडे, म्हणजे कारखान्यातून डीलरकडे गेलेला माल. डीलरच्या भाषेत सांगायचे तर कंपनी महिनाअखेरीस बिलिंग करून माल ढकलते, गोदामाचे भाडे आणि कर्जाचे व्याज डीलर भरतो. डीलरांची संघटना ‘फाडा’ ‘वाहन’ या सरकारी प्रणालीवरच्या नोंदणीवरून किरकोळ विक्री काढते. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवासी वाहनांचा साठा ८० ते ८५ दिवस पुरेल इतका, सुमारे ७९ हजार कोटी रुपयांचा, साचल्याचे फाडाने सांगितले. कारखान्याच्या हिशेबी त्या सगळ्या गाड्या विकून झाल्या होत्या.

तरीही कायद्याची मुदत येऊन ठेपली की इथेही आरटीओतल्या नोंदींना भरती येते. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी बीएस-३ या जुन्या उत्सर्जन मानकाच्या गाड्यांची विक्री आणि नोंदणी १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा देशात अशी ८.२४ लाख वाहने पडून होती. त्यांतली पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी. दोन दिवसांत हजारो रुपयांच्या सवलतींनी शोरूम रिकामी झाली. बीएस-४ ची मुदत ३१ मार्च २०२० ला संपत होती, त्याआधी आठवडाभर टाळेबंदी लागली. न्यायालयाने उरलेल्या साठ्यापैकी दहा टक्के, म्हणजे सुमारे १.०५ लाख वाहने, टाळेबंदीनंतर विकायला दिलेली मुभा जुलैमध्ये मागे घेतली, कारण त्याहून कितीतरी जास्त विक्री दाखवली गेली होती. अशा वेळी शिल्लक गाडी स्वतःच्या, नातेवाइकाच्या किंवा नोकराच्या नावावर पास करून ठेवायची आणि सावकाश ‘सेकंड ओनर’ म्हणून विकायची, हाच डीलरपुढचा मार्ग उरतो. भंगारात जाण्यापेक्षा आजीवन कर भरलेला बरा.

त्यामुळे मोटारविक्रीचा एका महिन्याचा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. सियामची तिमाही बेरीज आणि वाहनवरची तिमाही नोंदणी शेजारी ठेवली की साठा वाढतो आहे की उतरतो आहे ते कळते. मुदतीआधीचा आणि नंतरचा महिना एकत्र धरून सरासरी काढली की उसळी आणि घसरण एकमेकींना बरीचशी खातात. धनत्रयोदशी एका वर्षी ऑक्टोबरात, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात येते, तिथेही हाच उपाय लागतो. एका गाडीपुरते पाहायचे तर खरेदीआधी आरसीवरचा मालकाचा अनुक्रमांक, उत्पादनाचा महिना आणि नोंदणीची तारीख या तीन नोंदी पुरतात. अनुक्रमांक १ असलेले नाव डीलरच्या नोकराचे असेल, तर गाडी पहिल्यांदा कधी ‘विकली’ गेली आणि वॉरंटी कधीपासून खर्ची पडते आहे, ते तिथेच दिसते.