आधी उतार, मग चढ: वाळवंटी दऱ्यांतल्या भटकंतीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या नैऋत्य भागात यूटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत मिळून कोलोरॅडो पठार पसरले आहे. कोलोरॅडो नदीने आणि तिच्या उपनद्यांनी या पठाराच्या आडव्या थरांत असंख्य दऱ्या कोरल्या आहेत. त्यांपैकी ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि १,६०० मीटरांहून अधिक खोल आहे. झायन, कॅन्यनलँड्स, एस्कलांटी, पारिया ही याच मुलखातली इतर नावे. पाठीवर सॅक घेऊन इथे दिवसचे दिवस चालणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या चुकीच्या समजुतीही कमी नाहीत. त्यांतल्या बऱ्याचशा एकाच कारणातून निघतात: डोंगर चढण्याचे ठोकताळे दरीत जसेच्या तसे लावले जातात.

वाळवंट म्हणजे वाळूचे सपाट मैदान, ही त्यांतली सर्वांत निरुपद्रवी समजूत. कोलोरॅडो पठार हे उंचावरचे खडकाळ वाळवंट आहे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, उत्तर काठ त्याहूनही तीनशे-चारशे मीटर उंच. हिवाळ्यात दोन्ही काठांवर बर्फ पडतो आणि उत्तर काठाकडे जाणारा रस्ता बंद होतो. वाळूच्या टेकड्या इथे होत्या खऱ्या, पण सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी. झायनचे उभे कडे ज्या नवाहो वालुकाश्माचे आहेत तो त्याच टेकड्यांपासून घडला, आणि वाऱ्याने रचलेले तिरपे थर आजही त्या कड्यांवर स्पष्ट दिसतात.

खरा घोटाळा उंचीच्या हिशेबात होतो. सह्याद्रीत किंवा हिमालयात चढ आधी येतो. दम लागला तर माणूस मागे फिरतो आणि परतीची वाट उताराची असते. दरीत हा क्रम उलटा आहे. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, उतारावर झपाझप अंतर कापले जाते. थकवा जाणवू लागतो तेव्हा सगळी चढाई डोक्यावर उभी असते. साउथ कैबाब ही पायवाट २,२१३ मीटरांवर सुरू होते आणि सुमारे १० किलोमीटरांत जवळजवळ १,४५० मीटर उतरून नदीपाशी पोहोचते. समुद्रसपाटीपासून मोजलेली कळसूबाईची उंचीच १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. या वाटेवर पाणी नाही आणि सावली जवळपास नाही. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा, असा तिथला साधा हिशेब आहे. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येण्याचा बेत करू नये, असे राष्ट्रीय उद्यानाचे फलक बजावून सांगतात, विशेषतः मे ते सप्टेंबर या महिन्यांत.

खाली गेले की गारवा मिळेल, नदी आहे, झाडी आहे, ही अपेक्षाही डोंगरावरचीच. हवा खाली येताना दाबली जाते आणि तापते. कोरड्या हवेत दर हजार मीटरांना सुमारे १० अंश सेल्सिअस. त्यामुळे जुलै महिन्यात दक्षिण काठावर दुपारचे सरासरी तापमान २९ अंशांच्या आसपास असते, तर तळाशी असलेल्या फँटम रँचपाशी ते ४१ अंशांवर जाते. हे सावलीतले आकडे. दिवसभर तापलेले काळे खडक संध्याकाळनंतरही उष्णता सोडत राहतात. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात दरीत चालू नये, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो. अनुभवी मंडळी पहाटेच्या अंधारात निघतात, दुपार एखाद्या ओढ्याकाठी अंग ओले करून काढतात आणि ऊन कलल्यावर पुन्हा वाटेला लागतात.

तळाशी नदी आहे हे खरे, पण ती डुंबायची नाही. वरच्या बाजूच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोल थरांतून सुटणारे पाणी भर उन्हाळ्यातही थंड असते आणि प्रवाहाला प्रचंड ओढ असते. उन्हाने तापलेले शरीर अशा पाण्यात एकदम शिरले की श्वास अडखळतो, हातपाय काम करीनासे होतात. पट्टीचे पोहणारेही इथे वाहून गेले आहेत.

तब्येत ठणठणीत असली की झाले, हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये दरवर्षी शेकडो लोकांना बचाव पथकाची मदत लागते आणि त्यांत तरुण, धडधाकट माणसे ठळकपणे दिसतात. वयस्क किंवा नवखा माणूस धास्तीने लवकर परत फिरतो. तरुणाला स्वतःच्या पायांवर भरवसा असतो. २००४ च्या जुलैत २४ वर्षांची एक धावपटू इथे पाण्याअभावी मरण पावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने बॉस्टन मॅरेथॉन तीन तास पाच मिनिटांच्या आत पूर्ण केली होती. अंतराचा अंदाज चुकला, पाणी पुरेसे नव्हते आणि दिवस कडक उन्हाचा होता. या घटनेनंतर, ‘तुम्ही बॉस्टन मॅरेथॉन धावू शकाल का?’ अशा आशयाचा फलक उद्यानाने लावला. दमसास कितीही असला तरी घामाची भरपाई त्यातून होत नाही, एवढाच त्याचा मतलब.

पाण्याविषयी मात्र दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. पहिला असा की घाम दिसत नाही म्हणजे घाम येत नाही. या कोरड्या हवेत घाम फुटतो त्याच क्षणी उडून जातो. कातडी कोरडी राहते, शर्टावर फक्त मिठाचे पांढरे डाग उमटतात. उन्हात चढताना तासाला लिटरभर पाणी सहज जाते. दुसरा समज पहिल्यावरचा उतारा म्हणून पसरला आणि तोही तितकाच घातक आहे: जितके पाणी प्याल तितके चांगले. १९९० च्या दशकात ग्रँड कॅन्यनमधून आणलेल्या आजारी पदयात्रींची तपासणी करताना डॉक्टरांना आढळले की, काहींच्या शरीरात पाणी कमी नव्हते, उलट रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरले होते. घामाबरोबर मीठ जाते. वरून नुसते पाणी ओतत राहिले की उरलेले मीठही पातळ होते. मग पाणी पेशींत शिरते, मेंदूला सूज येते आणि झटके येऊ शकतात.

पंचाईत अशी की सोडियम घटण्याची आणि ऊन लागण्याची सुरुवातीची लक्षणे जवळपास सारखी असतात: मळमळ, डोकेदुखी, अशक्तपणा, बोलण्यातला विसंगतपणा. सोबती घाबरून आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती बिघडते. फरक ओळखायचा तो मागच्या काही तासांच्या हकीकतीवरून. माणूस सतत पाणी पीत होता, खाल्ले काहीच नाही आणि लघवी वारंवार, पाण्यासारखी स्वच्छ होते आहे, तर पाणी थांबवून खारट खाणे द्यायचे. गोंधळलेला किंवा ग्लानीत असेल तर विनाविलंब वैद्यकीय मदत मागवायची. यावर उपाय फारसा अवघड नाही. तहानेप्रमाणे पाणी प्यावे आणि प्रत्येक थांब्यावर काहीतरी खारट तोंडात टाकावे. उकाड्यात भूक मरते, म्हणून भूक लागण्याची वाट पाहू नये. खारे शेंगदाणे, चिवडा, बिस्किटे यांचे ओझे सॅकमधल्या बहुतेक महागड्या वस्तूंपेक्षा जास्त उपयोगाचे.

नकाशावर निळी रेघ दिसली म्हणून तिथे पाणी असेलच असे नाही. अनेक झरे हंगामी आहेत, काही खनिजांमुळे पिण्यायोग्य नाहीत. वालुकाश्मातल्या खळग्यांत पावसानंतर काही दिवस पाणी टिकते, पण त्यावर भिस्त ठेवून निघता येत नाही. ब्राइट एंजल या गजबजलेल्या वाटेवर नळ आहेत. मात्र काही नळ हिवाळ्यात बंद ठेवतात, आणि दरीतून काठावर पाणी नेणारी १९६० च्या दशकात घातलेली मुख्य जलवाहिनी वारंवार फुटते. कोलोरॅडोचे पाणी बारमाही असले तरी पावसानंतर ते इतके गाळाने भरते की फिल्टर थोड्याच वेळात तुंबतो. त्यावर तिथले लोक करतात तो उपाय मराठी घरांना नवा नाही: भांड्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग पाणी गाळून निर्जंतुक करायचे.

आकाश निरभ्र असेल तर पुराची भीती नाही, ही समजूत अरुंद घळींत जीवघेणी ठरते. इथे उघडा खडक जास्त, माती आणि झाडोरा कमी, त्यामुळे पाणी मुरत नाही. दूरवर कोसळलेली एकच सर मैलोन्मैल पसरलेल्या खडकावरून गोळा होऊन हातभर रुंदीच्या फटीत शिरते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ११ जण वाहून गेले. घळीपाशी पाऊस नावापुरताच होता. ढग फुटला होता तो कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला. या भागात जुलै ते मध्य सप्टेंबर हा गडगडाटी पावसाचा काळ, तिथेही त्याला मान्सूनच म्हणतात. बकस्किन गल्च या कित्येक किलोमीटर लांबीच्या घळीत डोक्यावर खूप उंचीवर दोन भिंतींच्या मध्ये ओंडके अडकलेले दिसतात. पूर कुठवर चढतो याची ती खूण. पाणी अचानक गढूळ होणे, काटक्या वाहत येणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे या सूचना मिळाल्या तरी हाताशी उरलेला वेळ मिनिटांतच मोजावा लागतो.

अशा घळींत उन्हापेक्षा थंडीने गारठण्याचा धोका अनेकदा मोठा असतो. बकस्किनच्या तळाशी ऊन पोहोचतच नाही आणि डबक्यांतले पाणी मे महिन्यातही बोचरे थंड असते. झायनमधल्या नॅरोज या २६ किलोमीटरांच्या वाटेवर बहुतांश चाल नदीच्या पात्रातूनच आहे. म्हणून कपड्यांचा एकच नियम सगळीकडे चालत नाही. उघड्या दरीत, उन्हाळ्यात, सैल पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट ओला करून घालणे हा अंग थंड ठेवण्याचा उत्तम मार्ग. ओल्या घळीत किंवा हिवाळ्यात तोच सुती शर्ट अंगातली ऊब काढून घेतो.

रुतत्या वाळूचा बागुलबुवा मात्र चित्रपटांनी मोठा केला आहे. अशी वाळू ओढ्यांच्या पात्रांत भेटते, पण ती माणसाला अख्खा गिळत नाही, कारण शरीर त्या चिखलापेक्षा हलके असते. पाय गुडघ्यापर्यंत अडकतो, क्वचित मांडीपर्यंत. थंड पाण्यात तासन् तास अडकून पडणे, हा खरा धोका. साप-विंचवांची भीतीही अशीच फुगलेली. ते आहेत, म्हणून कपारीत न पाहता हात घालू नये आणि बूट झटकून घालावेत. पण ग्रँड कॅन्यनमध्ये माणसांना चावण्याबाबत सर्वांत बदनाम प्राणी आहे खडकांतली खार. खाऊ घालणाऱ्याच्या बोटांचाच ती घास घेते. तिच्या आणि उंदरांच्या तावडीतून शिधा वाचवण्यासाठी तळावर धातूचे डबे ठेवलेले असतात.

वाट शोधण्याच्या बाबतीत फोनवर विसंबणे धोक्याचे. उंच भिंतींमध्ये उपग्रहांचे संकेत अडतात किंवा भिंतींवर आपटून चुकीची जागा दाखवतात. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. शिवाय नकाशावरचे अंतर फसवे असते. दक्षिण काठावरून उत्तर काठ हवाई रेषेत सुमारे १६ किलोमीटर, पायवाटेने साधारण ३४ ते ३८, आणि गाडीरस्त्याने ३४० किलोमीटरांहून जास्त. दरीच्या मधल्या टप्प्यावरून जाणारी टोंटो ही वाट प्रत्येक उपदरीला वळसा घालते. समोर हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या टोकाला पोहोचायला अर्धा दिवस जातो. चुनखडकाच्या ‘रेडवॉल’ थराचा उभा कडा तर मोजक्याच फटींतून ओलांडता येतो. गणिताचे प्राध्यापक हार्वी बुचार्ट यांनी चार दशकांत या दरीत सुमारे १९,००० किलोमीटर पायपीट करून अशा फटी नोंदवल्या, आणि १९६३ मध्ये कॉलिन फ्लेचर यांनी दोन महिन्यांची सलग पदयात्रा केली ती त्याच माहितीचा आधार घेऊन, वाटेत आधी पेरून ठेवलेल्या आणि विमानातून टाकलेल्या शिध्यावर.

गुळगुळीत वालुकाश्मावर बूट छान पकड घेतात, म्हणून चढता आले तिथून उतरताही येईल असे वाटते. प्रत्यक्षात चढणे सोपे आणि उतरणे अवघड. मधल्याच टप्प्यावर अडकून वरही नाही, खालीही नाही अशी गत होते. पावसाने भिजलेला वालुकाश्म ठिसूळ होतो आणि भरवशाची वाटणारी खोबण हातात निघून येते.

अडचण आली तर हेलिकॉप्टर येईलच, हेही गृहीत धरता येत नाही. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात पात्यांना कमी उचल मिळते. जोराचा वारा, अंधार आणि अरुंद भिंती यांमुळे उड्डाण लांबते. आणि मदत येण्यासाठी कोणाला तरी ठाऊक असावे लागते. २००३ च्या एप्रिलमध्ये ॲरन राल्स्टन हा सराईत गिर्यारोहक यूटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटा गेला. घसरलेल्या धोंड्याखाली त्याचा हात अडकला. कुठे जातो हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून त्याला सुटावे लागले.

ओसाड जमिनीवर कुठेही चालले, काहीही टाकले तरी बिघडत नाही, असे मानणारे पुष्कळ. कॅन्यनलँड्समध्ये वाळूवर दिसणारी काळपट, खडबडीत पापडी ही सजीव असते. नीलहरित जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांच्या जाळ्याने ती वाळू धरून ठेवते, जमिनीत नायट्रोजन आणते. एका पावलाने ती मोडते आणि पुन्हा तयार व्हायला दशके लागतात. म्हणून चालायचे ते वाटेवरून, उघड्या खडकावरून किंवा ओढ्याच्या पात्रातून. कोरडेपणामुळे संत्र्याची सालही लवकर कुजत नाही. पारिया कॅन्यन आणि नॅरोजमध्ये मुक्कामी जाणाऱ्यांना स्वतःची विष्ठाही पिशवीतून परत आणावी लागते.

मुक्कामासाठी परवाना लागतो आणि तो हातात पडला की अधिकाऱ्यांनी हवामानाची खातरजमा केली असे अनेकांना वाटते. परवाना फक्त गर्दी आवरतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये पुरात मृत्यू पावलेल्या सातही जणांच्या गटाकडे परवाना होता, आणि त्या दिवशीच्या अंदाजात पुराची शक्यता नोंदवलेली होती. शिवाय हा सारा मुलूख एकाच खात्याच्या ताब्यात नाही. अँटिलोप कॅन्यन नवाहो या मूळनिवासी जमातीच्या भूमीवर आहे आणि तिथे वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. हवासुपाई लोक आजही दरीतल्या सुपाई गावात राहतात. त्यांचे टपाल खेचरांवरून जाते आणि त्यांच्या धबधब्यांपर्यंत जायचे तर आरक्षण त्यांच्याकडूनच घ्यावे लागते.