भाकीत, पूर्वानुमान आणि पायाखालची भूमी

तंजावरच्या भोसले घराण्यातील राजे अमरसिंह १७९८ साली पदच्युत झाले आणि कुंभकोणमनजीकच्या तिरुविडैमरुदूर येथे त्यांनी आपले उर्वरित आयुष्य व्यतीत केले. संस्कृत परंपरा ज्याला मध्यार्जुन क्षेत्र म्हणते, ते हेच गाव. महालिंगस्वामीच्या मंदिरामुळे तमिळ शैव परंपरेत मान्यता पावलेल्या या क्षेत्राला अशा रीतीने मराठी वस्तीच्या इतिहासातही स्थान मिळाले. दक्षिणेतील मराठी वसाहतीचा विचार प्रामुख्याने भाषा, कीर्तन, नाटक आणि ग्रंथसंग्रह यांच्या अंगाने झाला आहे. परंतु या स्थलांतराला आणखी एक बाजू आहे. मराठी भाषक समाजाचा फार मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आलेला समाज मात्र नदीने आणून टाकलेल्या गाळावर स्थिरावला. भाषा एक, भूमी दोन. भूकंपाच्या हादऱ्यांचे पूर्वानुमान करणाऱ्या शास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न या द्वैतातच सामावलेला आहे : एकच धक्का दोन भिन्न भूमींवर कसा अवतरेल?

प्रथम शब्दांचा विचार करणे अगत्याचे आहे. ‘भाकीत’ या शब्दात काळ, स्थळ आणि घटना या तिन्हींविषयीचे निश्चित विधान अभिप्रेत असते. अशा अर्थाने भूकंपाचे भाकीत करण्याची विश्वसनीय पद्धत आजही उपलब्ध नाही. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगच्या भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढण्यात आले होते. परंतु पुढच्याच वर्षी तांगशान येथे तशी कोणतीही सूचना मिळाली नाही आणि दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ‘पूर्वानुमान’ हा शब्द येथे निराळ्या अर्थाने योजला आहे. भूकंप केव्हा होईल हे ते सांगत नाही. विवक्षित प्रस्तरभंगावर विवक्षित आकाराचा भूकंप झाल्यास विवक्षित नगरात जमीन किती, किती वेळ आणि कोणत्या लयीत हलेल, हे ते सांगू पाहते.

मराठी वृत्तपत्रे ‘तीव्रता’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात, त्यामुळे येथे आणखी एक भेद स्पष्ट करावा लागतो. भूकंपात मुक्त होणाऱ्या ऊर्जेचे माप म्हणजे महत्ता. ती प्रत्येक भूकंपाला एकच असते. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष जाणवलेला परिणाम. तो गावागणिक, कधी कधी गल्लीगणिक बदलतो. एकच संहिता निरनिराळ्या ग्रहणपरंपरांत निराळी उमटते, ही गोष्ट तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. भूकंपात हा फरक तीन घटकांमुळे पडतो : उगम, तरंगांचा मार्ग आणि स्थानिक भूमी.

उगमाच्या सान्निध्याचे महाराष्ट्रातील उदाहरण कोयनेचे होय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात सुमारे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. धरणातील त्वरणलेखकाने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट इतके कमाल त्वरण नोंदवले. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेला गुणांक ०.०५ होता. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत, तरी कल्पना आणि वास्तव यांतील अंतर त्यांवरून ध्यानात येते. उगमाच्या इतक्या निकट मिळालेली ती नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियांत्रिकीत अभ्यासली गेली.

याउलट २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधील ७.७ महत्तेच्या भूकंपात अहमदाबाद उगमापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. तेथील कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एकदशांशाच्या आसपासच नोंदले गेले. कोयनेच्या तुलनेत हा आकडा अल्प. तरीही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेल्या इमारती आणि सदोष बांधकाम ही कारणे होतीच. त्यांच्या जोडीला साबरमतीचा गाळही होता. दूरवर पोहोचणारे तरंग संथ लयीचे असतात, आणि उंच इमारतींची स्वाभाविक लयही संथच असते. कमाल त्वरणाचा एकच आकडा विनाशाचे चित्र पुरते उभे करू शकत नाही, ते यामुळेच.

गाळात घडते ते असे. कठीण खडकातून वेगाने आलेला तरंग मऊ थरात शिरताच मंदावतो. वेग घटला की आंदोलनाचा विस्तार वाढतो. शिवाय थराचा पृष्ठभाग आणि तळाचा खडक यांच्यामध्ये तरंग पुनःपुन्हा परावर्तित होऊन कोंडला जातो. थराची जाडी चौपट करून तिला तरंगवेगाने भागले असता त्या थराचा स्वाभाविक आवर्तकाल मिळतो. चाळीस मीटर जाडीच्या आणि सेकंदाला ऐंशी मीटर तरंगवेगाच्या चिकणमातीत तो दोन सेकंद येतो. १९८५ साली मेक्सिको नगरात नेमकी याच प्रकारची लय प्रकट झाली. भूकंपाचा उगम साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पॅसिफिक किनाऱ्यावर होता; पण जुन्या सरोवराच्या तळावर वसलेल्या भागात मध्यम उंचीच्या इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या, तर टेकड्यांच्या खडकावरील वस्ती तुलनेने सुरक्षित राहिली.

पूर्वानुमानाची आजची पद्धत या अनुभवांतून सिद्ध झाली आहे. सी. ॲलिन कॉर्नेल यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या संभाव्यतेच्या रीतीनुसार सर्व ज्ञात उगमांचा एकत्र विचार करून, पन्नास वर्षांत ओलांडले जाण्याची शक्यता दहा टक्के असेल असे त्वरण काढले जाते. महत्ता, अंतर व भूमी यांना जोडणारी समीकरणे जुन्या नोंदींवरून रचली जातात. जिथे नोंदी अपुऱ्या पडतात तिथे संगणकावर तरंगांचा प्रवास घडवून पाहिला जातो. भारतात जबलपूर, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई अशा नगरांचे भूमीनुसार सूक्ष्मविभाजन करण्यात आले, त्यामागील दृष्टी हीच.

मात्र नकाशा म्हणजे अभयपत्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हादरलेले किल्लारी तत्कालीन भूकंपमानकात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होते. भूकंपाची महत्ता सहाहून थोडीच अधिक. परंतु मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि आठ हजारांच्या आसपास, काही गणनांनुसार त्याहूनही अधिक, माणसे गेली. २००२ च्या सुधारित मानकात ते सर्वांत खालचे क्षेत्रच रद्द करण्यात आले.

शब्दांची किंमत इटलीतील लाक्विला नगरानेही अनुभवली. लहान धक्क्यांनी धास्तावलेल्या नागरिकांना दिलासा देणारी विधाने झाली, आणि ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी दोषी ठरवले गेले. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. ‘शक्यता कमी आहे’ या वाक्याचा ‘धोका नाही’ असा अनुवाद होणे, हा या प्रकरणाचा गाभा होय.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश २००२ च्या मानकात कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडतो. मुंबई त्याहून वरच्या, तिसऱ्या क्षेत्रात. पण मुंबईतही सात बेटांचा पाषाण आणि त्यांच्यामधली भराव घातलेली जमीन एकाच रीतीने हलणार नाही. म्हणजे मध्यार्जुनाच्या गाळाचा प्रश्न मराठी भाषकांच्या सर्वांत मोठ्या नगराच्या पोटातही आहेच. भूकंपाची तिथी कोणत्याही शास्त्राच्या हाती नाही. पायाखालची भूमी ओळखणे आणि तिला साजेसे घर बांधणे मात्र माणसाच्या हाती आहे. पूर्वानुमानाचा आधार आणि त्याची मर्यादाही तीच होय.