एचएमटीचा जनक

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड हे दादाजी खोब्रागडे यांचे गाव. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम दीड एकर. 1983 मध्ये 'पटेल-3' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी खुडून जपल्या, दरवर्षी निवडून पेरल्या. त्यातून बारीक दाण्याचा, शिजल्यावर चवदार लागणारा धान हाती आला. 1990 च्या सुमारास व्यापाऱ्यांनी त्याला नाव दिले 'एचएमटी'. तेव्हा त्याच नावाची मनगटी घड्याळे लोकप्रिय होती. हा तांदूळ पुढे अनेक राज्यांत गेला.

दादाजींकडे मात्र पैसा आला नाही. बियाणे त्यांनी मागेल त्याला दिले होते. पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित केले, तेव्हा श्रेयावरून वाद झाला. 2010 मध्ये 'फोर्ब्स'च्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत दादाजींचे नाव झळकले. उद्योजक म्हणावे असा व्यवसाय त्यांनी कधी केलाच नव्हता! ते धानाची नवी वाणे निवडत राहिले, 'डीआरके' त्यांतलेच.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या दादाजींचे 3 जून 2018 रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राम येथील रुग्णालयात निधन झाले.