खांद्यावरची हळद

पोळ्याच्या आठवडाभर आधी संपादकांनी मला कंधारकडं धाडलं ते लाल कंधारी बैलांवर लिहायला. पण गावाच्या तोंडाशीच एका सुताराच्या छपराखाली वीतभर उंचीचे लाकडी बैल ओळीनं उभे दिसले आणि दोन दिवस माझा मुक्काम तिथंच पडला.

आपल्या मराठवाड्यात पूजेला बहुतेक घरी मातीचे बैल. लाकडी बैलांचा खरा मुलूख विदर्भ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथली लेकरं चाकांवरचे बैल ओढत मिरवतात, तो तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो १८०६ साली सुरू केला असं सांगतात. किनवट-माहूरची शीव यवतमाळला लागलेली, त्यामुळं नांदेडला हे बैल परके नाहीत.

मामांनी (गाव त्यांना मामाच म्हणतं) आयुष्यभर तिफणी, वखर आणि जू घडवले, बाभळीचे. खेळण्यातल्या बैलाला मात्र सागाचे उरलेले तुकडे. वाकसानं पाठ उतरवताना ते लाकूड सारखं फिरवून बघत होते. अख्ख्या ठोकळ्यातून बैल कोरला तर लाकडाच्या रेषा पाठीच्या लांबीनं जातात, पायांत त्या आडव्या येतात आणि पहिल्याच आपटीत पाय मोडतो. म्हणून मामा पाय वेगळे करतात, उभ्या रेषांचे, आणि पोटाला भोकं पाडून ठोकून बसवतात. शिंगं, कानही तसेच. मग फळी, फळीखाली चार चाकं.

रंगाला ते फार जपतात. कंधारी बैल गेरूचा, एकरंगी लाल. लातूरकडच्या गिऱ्हाइकाला देवणी लागतो आणि त्यातही निवड असते. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा, ठिपके फक्त खालच्या अंगाला तो बाळंक्या. मामांच्या कुंचल्यातून या तिन्हींची गल्लत होत नाही.

एक जागा मात्र प्रत्येक बैलावर कोरी राहिलेली दिसली. वशिंडाच्या पुढं, मानेवर, जिथं जू टेकतं तिथं. मी विचारलं.

"तिथं लेकराला हळद लावायची असती," मामा म्हणाले. "रंगावर ती बसत न्हाई."

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी असते. हळद आणि लोणी किंवा तेल घेऊन बैलाचे खांदे चोळायचे आणि उद्या जेवायला या, असं आवतण त्याच्या कानाशी द्यायचं. दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी, मारणं नाही, पुरणपोळी आधी त्याला. हे चोळणं नुसता उपचार नाही. पेरणी, कोळपणी उरकेपर्यंत खांद्यांनी जू सोसलेलं असतं. जू खडबडीत असलं, जोडी उंचीला कमी-जास्त असली, की खांदेसूज येते. चोळणाऱ्या हाताला ती सगळ्यांत आधी कळते. ज्याच्या घरी बैल नाही त्या लेकरालाही तो हात ठेवण्याची जागा माहीत व्हावी, म्हणून मामा तेवढं लाकूड उघडं ठेवतात. एवढी विचारपूर्वक केलेली वस्तू मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

पण त्या हाताला पुढं खरा खांदा मिळेल का, ही काळजी तिथं बसल्या बसल्या वाढत गेली. पेरणीला ट्रॅक्टर आला तसे दावणीचे खुंटे रिकामे झाले. दुष्काळानं उरलेलं नेलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या दिवसांत माणसालाच प्यायला नव्हतं तिथं बैल कशावर जगवणार? येईल त्या भावात जोड्या बाजारात गेल्या आणि ज्याच्या दावणीची जोडी एकदा मोडली, त्याला परत दुसरी जुळवणं परवडत नाही. बैलाशिवाय जू नाही, जू नाही म्हणून सुताराला काम नाही. मामांचा मुलगा वेल्डिंग करतो, ट्रॉलीचे पत्रे जोडतो. बांधावरच्या बाभळीही तुटल्या.

यंदा मामांनी चाळीस बैल केले. घेणारे निम्मे शहरातले, शोभेला कपाटात ठेवणारे. एक बाई मानेवरची कोरी जागा पाहून म्हणाल्या, रंग राहिलाय, पूर्ण करून द्या. मामांनी मुकाट्यानं कुंचला उचलला, गेरूत बुडवला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग दुसऱ्या बैलाचं शेपूट रंगवायला घेतलं.