मोबाइलमधील गाणी नाहीशी होतात तेव्हा

वर्षानुवर्षे जमविलेला गीतसंग्रह एखाद्या सकाळी मोबाइलवरून समूळ नाहीसा झालेला दिसावा, आणि जेथे कालपर्यंत नाट्यपदे, अभंग व घरातल्या आजीच्या आवाजात टिपून ठेवलेल्या ओव्या ओळीने मांडलेल्या होत्या, तेथे कोरा पडदा उरावा, हा प्रसंग कोणाही रसिकाला हतबुद्ध करणारा आहे. परंतु अशा वेळी घाबरून केलेला उपायच पुष्कळदा मूळ संकटाहून घातक ठरतो. सबब गाणीच गेली आहेत की केवळ त्यांची नोंद, याचा निवाडा आधी शांतपणे करावा.

अँड्रॉइड फोनमध्ये गाण्यांच्या फाइली एकीकडे असतात, आणि त्यांची सूची ‘मीडियास्टोअर’ नामक निराळ्या दप्तरात असते. गाणी वाजविणारी बहुतेक ॲपे या दप्तरावरूनच आपली यादी तयार करतात. तलाठ्याकडचा सातबारा गहाळ झाला म्हणून जसे शेत जागचे हलत नाही, तशीच सूची बिघडली म्हणून गाणी नष्ट होत नाहीत. यास्तव फाइल मॅनेजरमधून ‘म्युझिक’ व ‘डाउनलोड’ ही फोल्डरे स्वतः उघडून पाहावीत. फाइली जागेवर असतील, तर फोन बंद करून पुन्हा सुरू केल्याने बहुधा नोंद नव्याने होते. तरीही गुण न आल्यास छुप्या फाइली दाखविण्याची सोय चालू करून ‘डॉट नोमीडिया’ नावाची फाइल शोधावी. ती बहुधा रिकामी असते. पण तिचे नुसते अस्तित्व हाच त्या फोल्डराची दखल न घेण्याचा हुकूम असल्यामुळे, ती काढून टाकली म्हणजे गाणी पुन्हा यादीत दाखल होतात.

फाइलीच पुसल्या गेल्या असतील, तर प्रश्न अधिक बिकट होतो. अनेक मेमरी कार्डांवर असणाऱ्या फॅट-३२ या रचनेत फाइल पुसताना तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराजागी एक खूण केली जाते आणि जागा मोकळी म्हणून जाहीर होते. गाणे मात्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसेच राहते. म्हणून त्या क्षणापासून कार्डावर एकही छायाचित्र काढू नये, फोनने फॉरमॅट करण्याविषयी विचारले तरी संमती देऊ नये, आणि कार्ड काढून संगणकाला जोडावे. ‘फोटोरेक’ ही विनामूल्य आज्ञावली नावांवर विसंबून न राहता फाइलींच्या अंतर्गत खुणांवरून त्या हुडकते. सापडलेली गाणी मात्र दुसऱ्याच डिस्कवर उतरवावीत. मूळ नावे यात बहुधा हरवतात. तथापि एमपी-३ फाइलीच्या पोटातच शीर्षक व गायकाचे नाव ‘आयडी-३’ पद्धतीने लिहिलेले असेल, तर ओळख पुन्हा पटविता येते. फोनच्या अंतर्गत साठ्याबाबत एवढी आशा धरता येत नाही. अलीकडच्या फोनांत मजकूर कूटबद्ध असतो आणि मोकळी झालेली जागा लवकरच खरोखर रिती केली जाते. त्यामुळे तेथून सर्व काही परत आणून देण्याची हमी घेणाऱ्यांपासून सावध राहावे.

वर्गणीच्या सेवांवरील गाणी या हिशेबातच येत नाहीत, कारण तेथे आपणांस मिळतो तो केवळ ऐकण्याचा परवाना. स्पॉटिफायवर उतरविलेली गाणी टिकावीत म्हणून ३० दिवसांत निदान एकदा इंटरनेटशी जोडणी करावी लागते, आणि ॲपल म्युझिकची वर्गणी थांबली की तेथून उतरविलेली गाणीही वाजेनाशी होतात. सेवाच बंद झाली तर काय होते, तेही दिसून आलेले आहे : गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झाले, आणि ज्यांनी स्वतः चढविलेली गाणी मुदतीत यूट्यूब म्युझिककडे वर्ग केली नाहीत किंवा उतरवून घेतली नाहीत, त्यांचा तेथील संग्रह पुढे पुसला गेला.

बाजारात मिळणारे गाणे आज ना उद्या पुन्हा मिळविता येईल. परंतु आजीच्या ओव्यांची अथवा गावच्या कीर्तनकाराच्या आख्यानाची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. अशा ध्वनिमुद्रणांची एक प्रत संगणकात आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या घरी, आजच ठेवावी. पुनःप्राप्तीच्या साऱ्या विद्येहून ही साधी दक्षता अधिक भरवशाची आहे, आणि ज्या आवाजांवर आपले प्रेम आहे त्यांच्यासाठी एवढे करणे हे आपले कर्तव्यच होय.