गाडीचा थर्मोस्टॅट बदलताना

मैत्रिणींनो, इस्त्रीतला थर्मोस्टॅट आपल्या ओळखीचा असतो, फ्रिजमधलाही असतो. पण गाडीच्या इंजिनातही एक थर्मोस्टॅट असतो, हे मला गेल्या मे महिन्यात पसरणीच्या घाटात कळलं! पाचगणीला निघालो होतो. मागे मुलं आणि सासूबाई, आणि गाडी मी चालवत होते. निम्मा घाट चढलो आणि काटा तांबड्या रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं आणि रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते अंगावर उसळतं. आम्ही तासभर झाडाखाली बसून राहिलो.

मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, थर्मोस्टॅट अडकलाय. आपल्या गरम हवेत तो लागतच नाही. काढूनच टाकतो." आमचे हे "टाका काढून" म्हणाले. गाडी थंड झाली, आम्हीही खूश. पण डिसेंबरात सकाळच्या शाळेला जाताना पाहते तो काय, काटा तळाशीच! पेट्रोलही जास्त जायला लागलं.

याचं कारण अगदी साधं आहे. थर्मोस्टॅट ही एक छोटी झडप असते. तिच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असताना झडप बंद राहते, त्यामुळे पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. ठरावीक उष्णतेला मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. झडप काढून टाकली की इंजिन तापायलाच वेळ लागतो. मग पेट्रोल जास्त जळतं आणि आतले भाग लवकर झिजतात. म्हणून थर्मोस्टॅट काढायचा नाही, बदलायचा.

नवा घेताना काय पाहावं?

एक, अंक. थर्मोस्टॅटवर ८२, ८८ असा अंक कोरलेला असतो. तितक्या अंशांना झडप उघडू लागते. मी जुना भाग मागून घेतला होता, त्यावर ८८ होतं. दुकानदार म्हणाला, "८२ चा न्या, घाटात गाडी थंड राहील." मोह होतो, पण भुलू नका. झडप पूर्ण उघडल्यावर पुढचं काम रेडिएटरचं आणि पंख्याचं. ते बिघडले असतील, तर कमी अंकाचा थर्मोस्टॅट काय करणार? कंपनीने दिलेलाच अंक घ्या.

दोन, गाडीचं मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल हे कागदावर लिहून न्या. नुसता आकार जुळून भागत नाही. काही गाड्यांत तो घरासकट एकसंध मिळतो.

तीन, सोबत नवं गॅस्केट किंवा रबरी रिंग घ्याच. जुनी बसवली तर गळती ठरलेली.

बसवण्याआधी घरी परीक्षाही घेता येते. नवा थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला होता. तापाचा मात्र घालू नका, फुटेल! अंकाच्या आसपास झडप हलू लागते आणि उकळत्या पाण्यात चांगली उघडते. पाणी निवलं की परत मिटते. जुना तपासायचा असेल तर स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, कूलंट विषारी असतं.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे असावी. झडपेला हवेचं बारीक भोक असेल, तर ते वरच्या अंगाला यायला हवं. मग कूलंट भरून आतली हवा काढून घ्यावी. हे काम मेकॅनिकचंच, पण आपण शेजारी उभं राहून विचारायला काय हरकत आहे?

काही शेकड्यांच्या या वस्तूपायी इंजिनाचं हेड वाकलं, तर खर्च हजारांत जातो. आता आमचा काटा बरोबर मध्यावर असतो. परवा पुन्हा घाट चढले, तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "आज झाडाखाली नाही ना गं बसायचं?"