हलके वजन, बळकट खांदा

खांदा म्हणजे कष्टकऱ्याचे भांडवल. पोते उचलायचे, विहिरीचे पाणी ओढायचे, कुदळ मारायची, सारे खांद्याच्या जोरावर. हा खांदा दुखावला किंवा त्यावर शस्त्रक्रिया झाली, की पंचाईत होते. जड उचलावे, तर दुखणे वाढते. काहीच न उचलावे, तर स्नायू वाळतात. मग करावे काय?

यावर जपानमध्ये एक तोड निघाली. योशिआकी सातो हे तेव्हा तरुण होते. १९६६ साली एका धार्मिक विधीला ते बराच वेळ गुडघे मोडून बसले. त्यांच्या पोटऱ्या ताठल्या. पुष्कळ व्यायाम केल्यावर होते, तसेच वाटू लागले. बसल्याने रक्त अडले असावे, हे त्यांनी ताडले. पुढे हातापायांना पट्टे बांधून त्यांनी हलका व्यायाम करून पाहिला.

हे होते कसे? दंडाला वर, काखेजवळ पट्टा बांधतात. रक्त आत थोडे जाते, पण बाहेर सहज पडत नाही. स्नायूला प्राणवायू कमी पडतो. एरवी हलके काम स्नायूतले थोडेच धागे करतात. ते लवकर थकतात. मग इर्जिकीला सारी वाडी धावावी, तसे दांडगे धागेही कामाला लागतात. म्हणून हलक्या वजनानेही ताकद वाढते.

खांद्याला पट्टा बांधता येत नाही. पण दंड थकला, की खांद्यावर जास्त भार येतो, असे जाणकार मानतात. खांद्याची ताकद वाढल्याचे काही प्रयोगांत दिसलेही आहे.

वजन किती घ्यायचे? ज्याला फार तर १० किलो पेलते, त्याने २ ते ३ किलोच. आधी ३० वेळा, मग १५-१५ वेळा तीनदा. मध्ये अर्धा मिनिट विसावा. संपले की पट्टा सोडायचा.

पण मंडळी, घरी दोरी किंवा रबरी नळी आवळून हे मुळीच करू नका बरे! खुद्द सातो यांच्या फुप्फुसात सुरुवातीच्या प्रयोगांत रक्ताची गुठळी अडकली. त्यांना दवाखाना गाठावा लागला. पट्टा किती आवळायचा, हे जाणकार यंत्राने मोजून ठरवतात. रक्तदाब वाढलेला असेल, पूर्वी गुठळी झाली असेल किंवा बाई गरोदर असेल, तर ते आधी सांगावे.

उपाय चांगला आहे, पण तो डॉक्टरांना विचारून आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा.